मुक्या गळसऱ्या

आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून दाखवायचं, हा प्रकार आपल्याकडे काही नवा नाही. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात आणि खिडकीपलीकडचा माणूस समोरच्या धडधाकट आजोबांकडे संशयानं बघत शिक्का मारतो. धनश्री खोतचं काम साधारण याच जातीचं होतं. फक्त तिच्या खिडकीसमोर माणसं नव्हती, गळसऱ्या होत्या, आणि त्या होत्या सव्वादोन लाख.

गळसरी म्हणजे इथे दागिना नव्हे. ज्यांचं स्वरयंत्र कर्करोगानं किंवा अपघातानं काढावं लागलं, अशा लोकांनी गळ्याभोवती बांधायचा तो एक पट्टा होता. कंपनीनं त्याला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण पहिल्यांदा तो बांधणाऱ्या कुणा बाईनं आरशात बघून "गळसरीच की ही!" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मिशीवाले पुरुषही मग बिनतक्रार गळसरी घालू लागले.

त्यामागचं विज्ञान सोपं आहे. माणसानं बोलायचं मनात आणलं की गळ्याचे आणि जिभेखालचे स्नायू हलतात. स्वरयंत्र नसलं तरी हलतात. त्या हालचालींत अगदी बारीक वीज असते. गळसरी ती टिपायची आणि 'वाचा' नावाच्या क्लाउडकडे पाठवायची. शस्त्रक्रियेच्या आधी त्या माणसाच्या जिवंत गळ्यातून घेतलेला त्याच्या आवाजाचा साचा तिथे कुलपात असायचा. त्या साच्यातून शब्द घडायचे आणि पट्ट्यातल्या छोट्या स्पीकरमधून बाहेर पडायचे. पापणी लवायच्या आत हे सगळं होऊन जायचं आणि मुका झालेला माणूस स्वतःच्याच आवाजात बायकोला म्हणायचा, "आमटीत मीठ कमी आहे."

भानगड होती ती चोरांची. त्या काळात आवाज म्हणजेच सही झाली होती. बँक, कोर्ट, जमिनीची खरेदी, सगळं तोंडी कबुलीवर चालायचं. म्हणून रेकॉर्डिंगवरून कुणाचा आवाज बनवणं हा गुन्हा ठरला होता, आणि प्रत्येक गळसरीजवळ 'ही अमक्याचीच' असा एक डिजिटल दाखला असायचा. दाखल्यावर प्लॅटफॉर्मची सही, आणि त्या सहीमागे सर्वांत वर एक मूळ किल्ली, जशी तलाठ्याच्या सहीमागे तहसीलदाराची आणि त्याच्यामागे कलेक्टरची असते. पूर्वी असली गणिती कुलपं फोडायला युगं लागली असती. क्वांटम संगणक आले आणि ती दोन महिन्यांत फुटायला लागली. उपाय एकच होता, फुटायच्या आत बदलायची. म्हणून प्रत्येक दाखल्याचं आयुष्य एका महिन्याचं ठेवलं होतं. गळसरीवाला एखादं मिनिट बोलला की त्याच्या गळ्याच्या हालचालींवरूनच ओळख पटायची आणि नवा दाखला आपोआप मिळायचा. ज्याचं त्याला कळायचंही नाही. धनश्रीनं ही सगळी यंत्रणा उभी केली होती आणि तिला तिचा अभिमान होता, जरा जास्तच होता.

आता खुद्द मूळ किल्ली बदलायची वेळ आली होती. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता जुनी किल्ली निवृत्त व्हायची. तोवर बोललेली प्रत्येक गळसरी नव्या किल्लीखाली जाणार होती. जी जाणार नाही ती चोराच्या हाती लागू नये म्हणून स्वतःला कायमची पुसून टाकणार होती, आणि तिच्याबरोबर तिच्या मालकाच्या आवाजाचा साचाही.

शुक्रवारी सकाळी फिरोज मुलाणी धनश्रीच्या टेबलापाशी आला तो हेल्मेट न काढताच. तिच्या टीममधला हा वाईचा मुलगा, कामाला वाघ, पण डोक्यात किडा वळवळला की ऐकायचा नाही.

"मॅडम, आपल्या मेलेल्यांपैकी एका बाईंनी आत्ता मला चहा पाजला."

"फिरोज, शुद्धीवर आहेस ना?"

"आलं घातलेला होता," फिरोज म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला.

मेलेले म्हणजे चारशेच्या वर गळसऱ्या होत्या. तीन महिने नूतनीकरण मागितलं नाही की मालक वारला असं समजायचं आणि ती गळसरी स्थलांतरातून वगळायची, असा नियम धनश्रीनं स्वतः केला होता. मीटिंगमध्ये त्या नियमाचं कौतुकही झालं होतं. फिरोजला मात्र चैन पडेना. त्यानं त्यातला एक पत्ता उघडायची परवानगी काढली आणि ऑफिसला येता येता सहकारनगरातल्या एका दाराची बेल वाजवली. दार उघडलं ते खुद्द 'मृत' विमल ओगले यांनी. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका.

"त्यांनी कागदावर लिहून दाखवलं मला. मिस्टर गेले, मुलगा मेलबर्नला. बोलू कुणाशी? मांजराशी बोलायला गळसरी लागत नाही, म्हणाल्या."

धनश्रीला चूक लख्ख दिसली. बोलल्याशिवाय नूतनीकरण नाही, आणि नूतनीकरण नाही म्हणजे माणूस नाही, असं ती आणि तिची टीम धरून चालली होती. गप्प बसलेला माणूस त्यांच्या हिशेबात मेला होता. ही चूक पोस्टमनच्या हातून झाली नसती, दूधवाल्याच्याही नाही, कारण ते दार वाजवतात. ज्यांना कुणाच्या दारापर्यंत जायची गरजच उरली नव्हती, अशा हुशार माणसांच्याच हातून ती व्हायची होती.

ती तशीच उठून केळुसकर सरांच्या केबिनमध्ये गेली. केळुसकर प्लॅटफॉर्मचे प्रमुख. मालवणकडचा सावकाश बोलणारा माणूस.

"सर, मूळ किल्ली एक आठवडा पुढे ढकला. नियम माझा होता, चूक माझी आहे."

"चुकीचं नंतर बघू. पुढे नाही ढकलता येणार, धनश्री. परराज्यातल्या त्या प्लॅटफॉर्मची किल्ली फुटली तेव्हा काय झालं, माहितीये ना तुला? दोन दिवसांत बापाच्या आवाजात पोरांना फोन गेले आणि पोरांनी घरं विकली. चारशे जणांसाठी सव्वादोन लाखांना उघड्यावर ठेवू?"

"मग त्या चारशेंचं काय?"

केळुसकरांनी चष्मा काढून पुसला. "अजून दीड दिवस आहे. लॅपटॉप मिटा आणि दारं वाजवा. सगळे. मीसुद्धा जातो."

संपलेला दाखला जिवंत करायला जुन्या नियमात एक वाट होती. कंपनीचा एक माणूस साक्षयंत्र घेऊन समोर बसायचा, गळसरीवाला मिनिटभर बोलायचा आणि दिवा पिवळ्याचा हिरवा व्हायचा. अट एवढीच की साक्षीदार नातेवाईक नसावा. धनश्री जिल्हावार पत्ते वाटायला बसली. नागपूरला तू जा, नाशिकला तू. सांगली जिल्ह्यात तीन होते. तिसरा पत्ता होता वारणेकाठची पाडळी.

पुढचं नाव वाचायची तिला गरज नव्हती. पाडळीत एकच गळसरी होती, आणि ती तिनंच बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधली होती. जोतीराम खोत, म्हणजे तिचे वडील, आप्पा.

'पण आप्पांशी तर मी दर रविवारी बोलते,' हा तिचा पहिला विचार. दुसरा विचार यायला फार वेळ लागला नाही.

आप्पांशी बोलायची ती तिची 'बदली'. 'वाचा'ची ही नवी सेवा होती. आपल्याच गळ्यातून घेतलेला साचा, आपलीच बोलायची लकब, आणि मागे एक यंत्र. ज्या फोनला आपल्याला वेळ नाही तो बदली घ्यायची. परक्या माणसाला ती आधी 'मी बदली आहे' असं सांगायची. घरच्यांसाठी ती सूचना बंद ठेवायची मुभा होती. तिच्या दाखल्यावर 'धनश्री खोत, खात्रीशीर' असंच लिहिलेलं असायचं. मूळ किल्लीचं काम अंगावर आलं तेव्हा धनश्रीनं रविवार तिच्याकडे सोपवला होता. दोन-चार आठवड्यांपुरता, असं ठरवून. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

बदली दर वेळी दोन ओळींचा अहवाल पाठवायची. धनश्रीनं ते आज पहिल्यांदा नीट उघडले. सुरुवातीचे छान होते. 'तब्येत उत्तम. शेंगा काढल्या. खूप गप्पा.' मग गेल्या चार महिन्यांचे सगळे एकसारखे. 'फोन उचलला. बोलले नाहीत. पुढच्या रविवारी करते.'

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. तो उचलला गेला.

"आप्पा, मी बोलतेय. मी, खरी मी."

पलीकडे श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला. खरी आहे असं तर बदलीनंही सांगितलं असतं. धनश्रीला स्वतःची अशी लाज वाटली की ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

तरीही लगेच निघता येईना. चारशे दारांची वाटणी तिच्याशिवाय कुणाला जमणार नव्हती. ती शनिवारी सकाळी फिरोजला घेऊन गाडीत बसली. सहा वाजता ऑफिसात जुनी किल्ली मोडायचा रिवाज होता. किल्ली सांभाळणारे सात जण जमायचे आणि ती ज्या चिपमध्ये असायची ती लोखंडी खलबत्त्यात कुटायचे. धनश्री त्या सातांपैकी एक होती. "पाच जण पुरे आहेत," केळुसकर म्हणाले होते, "तू जा बापाकडे."

पाडळीला पोचायला दुपार टळून गेली. आप्पांचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं, तालमीच्या अगदी समोर. चाळीस वर्षं त्यांनी कुस्त्यांच्या मैदानात निवेदन केलं होतं. डोक्याला फेटा, हातात माईक, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कोण कुणाची मान धरतोय ते डोळे मिटून कळावं. मग तंबाखूनं गळा खाल्ला. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते घरापुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. गळसरी खिडकीच्या खिळ्याला लटकत होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

धनश्री समोर येऊन उभी राहिली. आप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठून जवळ आले आणि तिच्या दंडाला एक जोरदार चिमटा काढला.

"आई गं! आप्पा!"

खात्री पटल्यासारखी त्यांनी मान हलवली, दोघांना पाणी दिलं आणि परत शेंगांपाशी बसले.

धनश्रीनं सगळं सांगितलं. मूळ किल्ली, सहाची वेळ, पुसला जाणारा आवाज. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाइल घेतला, एका बोटानं सावकाश काहीतरी लिहिलं आणि पडदा तिच्यापुढे धरला.

'कंपनीला सांग. खोत मेला.'

"असं काय बोलताय? नवीन गळसरी मिळेल, पण तिच्यात आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असेल. तुमचा आवाज परत नाही मिळायचा, आप्पा. कुठेच नाही."

'जाऊ दे. लई वापरला.'

फिरोजनं साक्षयंत्र पिशवीतून काढत गोडीनं सांगून पाहिलं. "काका, एकच मिनिट. काहीही बोला. पाढे म्हणा वाटलं तर."

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं यंत्र मांडीवर ठेवलं आणि नजर शेंगांकडे वळवली.

"आप्पा, पण का?" धनश्रीचा आवाज चढला. "माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढा. स्वतःचा गळा कशाला कापून घेताय?"

या वेळी आप्पा बराच वेळ लिहीत होते. समोर तालमीत पोरं जोर मारत होती, त्यांचे हुंकार सोप्यात ऐकू येत होते. अखेर त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

'एका रविवारी शिवाची म्हैस हिरीत पडली ती गोष्ट सांगितली तुला. अर्धा तास सांगितली. तू मधी एकदाबी तोडलं न्हाईस. माझी पोरगी मला कवा वाक्य पुरं करू देती? तवाच शंका आली. फुडच्या रविवारी मुद्दाम तीच गोष्ट परत सांगितली. तू परत हसलीस. तेवढीच.'

धनश्री पायरीवर बसली. त्या यंत्राला न तोडता ऐकायला, ठरल्या जागी हसायला, औषधं विचारायला शिकवलं होतं, आणि ते सगळं त्यानं तिच्यापेक्षा चांगलं केलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आप्पा, कामाचं निमित्त होतं. मला तुमच्याशी बोलायचा कंटाळा यायचा. हे खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते."

फिरोज पलीकडे तोंड करून शेंगा सोलायला लागला.

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. हजारो दाखले तिनं आजवर रद्द केले होते. स्वतःच्या बदलीचा तिनं कधी उघडूनही पाहिला नव्हता. रद्द करताना यंत्रणा कारण विचारायची. किल्ली चोरीस गेली, मालक मृत, सेवा बंद, असे ठरलेले पर्याय. तिनं 'अन्य' निवडलं आणि लिहिलं, 'मालक स्वतः हजर आहे.' एकदा रद्द झालेला दाखला परत जिवंत होत नाही. तिनं बटण दाबलं आणि पडदा आप्पांकडे फिरवला.

आप्पांनी चष्मा चढवून ते वाचलं. मान हलवली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण खिळ्याकडे ते गेले नाहीत. परत फोन उचलला.

'बरं केलंस. पर आता बोलू काय? तुला मिनिट पायजे. मिनिटापुरतं बोलनं मला येत न्हाई.'

पाच वाजून गेले होते. केळुसकरांचा निरोप येऊन पडला होता. बरेच सापडले, काही खरोखरच गेले होते, ओगले बाई फिरोजचं नाव घेऊन पाच मिनिटं बोलल्या. धनश्रीनं तो वाचला आणि फोन उलटा ठेवला. आप्पांना बोलतं करायला तिनं मनातल्या मनात विषय शोधले. पीक, शेजारी, गावची निवडणूक. सगळे बदलीनं आधीच विचारून झालेले होते.

न विचारलेला एकच प्रश्न होता आणि तो तिच्या घशात बावीस वर्षं अडकला होता. तिची आई मिरजेच्या दवाखान्यात वारली तेव्हा धनश्री पुण्यात परीक्षेला बसली होती. संध्याकाळी धावतपळत पोचली तर आईजवळ कुणी नव्हतं. तासाभरानं कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आप्पा आले, डोक्यावर फेटा तसाच, कपड्यांवर मैदानाची लाल माती. बायको मरणाच्या दारात असताना हा माणूस कुस्त्यांत माईक धरून उभा होता, हे तिनं गिळलं ते गिळलंच. त्यानंतर आप्पा काही सांगायला लागले की ती वाक्य तोडायची. न जाणो, बोलता बोलता तिथवर पोचतील.

"आप्पा," ती म्हणाली, "आई गेली त्या दिवशी तुम्ही मैदानात का गेला होतात?"

शेंगा फोडणारे हात थांबले. फिरोज हळूच उठला आणि साक्षयंत्र घेऊन उंबऱ्याबाहेर जाऊन बसला.

आप्पा उठले. खिळ्यावरची गळसरी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बांधायला लागले. मागचा बंद धनश्रीनं लावला. पट्ट्यावर पिवळा दिवा लागला. आधी नुसती खरखर आली. मग आवाज आला, भरदार, कडांना थोडा फाटलेला, तिला लहानपणापासून ठाऊक असलेला.

"तुझ्या आईनं घालवलं मला."

धनश्रीचा हात बंदावरच राहिला.

"म्हनली, हितं तोंड पाडून बसू नगा. तीस वर्सं तुमी मैदानात बोलताय आनि मी घरात भाकऱ्या थापतीया. बायामानसं जात न्हाईत तिकडं, मीबी कवा गेली न्हाई. लोकं सांगत्यात, तुमचा मालक असा बोलतो न् तसा बोलतो. मी एकदाबी ऐकलं न्हाई. आज जावा, फोन चालू ठिवा, मला समदं ऐकायचंय. मी न्हाई म्हनलं तर रागाला आली. त्या अवस्थेत रागाला आली, धने! नर्सबाईनं तिचा फोन उशीवर कानापाशी ठिवला. माझा हितं, वरच्या खिशात. आनि मी गेलो."

गळ्यावर हात ठेवून ते पुढे बोलू लागले.

"त्या दिवशी जे बोललो ते पुन्ना कवा जमलं न्हाई. पैलवानास्नी काय सांगायचं? मी तिलाच सांगत हुतो. मैदान किती भरलंय, माती कशी हाय, कोन कुनाचा पट काढतोय. तिला कुस्तीतलं कळत न्हाई म्हनून डाव फोडून फोडून सांगितलं. मानसं म्हनली, खोत आज लई रंगात हाय. शेवटची कुस्ती सुटली तसा फोन कानाला लावला. म्हनलं, ऐकलंस का गं? तर नर्सबाई बोलली. काका, त्या मगाशीच गेल्या. म्हनलं, कवा? म्हनली, दुसरी का तिसरी कुस्ती चालली हुती तवा. मला फोन बंद करवंना, म्हनली, तुमी बोलतच हुता."

इतकी वर्षं धनश्रीनं या माणसाला शिक्षा दिली होती, आणि ती कशाची हे त्याला कधी सांगितलंही नव्हतं.

"पलीकडं कुनी नसताना मी बोललोय, पोरी. समदं मैदान बोललोय. म्हनून त्या रविवारी तुझ्या त्या बाईशी बोलताना लगीच वळीखलं. त्यानंतर मला बोलवंनाच. गळसरी बांधायचो न् काढायचो. तुला कसं सांगू? तुझ्यापतुर पोचायची वाटच त्या बाईनं अडवलेली."

"मला कधीच का नाही सांगितलंत? तेव्हाच?"

"तू कवा इचारलंस?" आप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आनि मी तरी कुटं सांगितलं. दोघंबी तसलेच."

उंबऱ्यावर फिरोज उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मॅडम, हिरवा होऊन बराच वेळ झाला. मी मुद्दाम मधे नाही बोललो." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "सहा वाजून गेलेत. निघूया का? रात्री पुण्यात पोचू."

"तू हो पुढे, फिरोज. ऑफिसला सांग, मी आत्ता नाही येत."

ती आप्पांच्या समोर, खाली जमिनीवर बसली. फोन बंद करून बाजूला ठेवला.

"आप्पा, पहिली कुस्ती कुणाची होती?"

"कुठली?"

"त्या दिवशीची. आई असताना झाली ती. मला सांगा, जशी तिला सांगितली तशी. डाव फोडून सांगा, मलाही कुस्तीतलं काही कळत नाही."

आप्पा उठून उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, भिंतीवरचा फेटा घेतला आणि दोन वेढ्यांत डोक्याला गुंडाळला. एक हात माईक धरल्यासारखा तोंडापाशी नेला.

त्यांनी जी आरोळी दिली ती सोपा ओलांडून रस्त्यापलीकडे गेली. तालमीतली पोरं मातीच्या अंगानं दारात येऊन उभी राहिली, आणि गाडीपाशी पोचलेला फिरोज परत फिरला. आप्पांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. खाली बसलेल्या लेकीच्या तोंडाकडे बघत ते पहिल्या जोडीची नावं पुकारत होते.